कांता ओव्हाळचा अर्ज

डोंबिवलीच्या एमआयडीसीत एखाद्या कामगाराचा हात मशीनमध्ये सापडला, टाके सुकले आणि डॉक्टरांनी "आता घरी जाऊन आराम करा" असं सांगितलं, की चार-आठ दिवसांत त्याच्या घरचं कुणीतरी कांताबाईंचा पत्ता विचारत निघतं. पत्ता सोपा आहे. स्टेशनकडून येणारी रिक्षा जिथे वळते तिथे पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. पाटीवर 'कांता कु. ओव्हाळ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट' एवढंच. खाली आधी 'व्यवसायोपचार' असंही रंगवून घेतलं होतं, पण लोकांना ते नोकऱ्या लावून देणारं ऑफिस वाटायचं आणि ते मार्कशीट घेऊन यायचे. शेवटी बाईंनी वैतागून स्वतःच रॉकेलचा बोळा घेऊन ती ओळ पुसली.

आत गेलात तर दवाखान्यासारखं काहीच दिसत नाही. एका फळीवर कुलपं, कड्या, नळाच्या चाव्या ठोकलेल्या. एका टोपलीत कपडे वाळत घालायचे चिमटे. कोपऱ्यात पीठ मळायची परात. आणि बाईंचा आवाज. "आराम मेल्यावर करा हो. आत्ता शर्टाचं बटण लावा." माणूस म्हणतो, दुखतंय. बाई म्हणतात, "दुखणारच. हात तुमचा आहे, शेजाऱ्याचा असता तर नसता दुखला." नवीन माणूस पहिल्या दिवशी रागावून जातो आणि तिसऱ्या दिवशी परत येतो, कारण दुसऱ्या दिवशी घरी त्याच्या हाताने बटण लागलेलं असतं.

एवढा फटकळपणा आला कुठून, असं कुणी विचारलं तर बाई म्हणतात, "एका अर्जातून." पुढचं सांगायला त्यांना कधी सवड नसते. म्हणून ते आपणच सांगू.

कांता वाढली शहाडला, स्टेशनच्या पलीकडच्या एका चाळीत. वडील कुंडलिक ओव्हाळ मूळचे नगरकडचे, एका केमिकल कंपनीत हेल्पर. अंगाने काटकुळे, बोलायला मोजके आणि मानी तर असे की विचारू नका. छप्पन्न साली, विशीत, त्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, आणि घेतली म्हणजे घेतली. कांताला शाळेत घालायला गेले तेव्हा गुरुजींनी रजिस्टर उघडून विचारलं, धर्म? बौद्ध. जात? "सोडली," कुंडलिकराव म्हणाले. गुरुजी भला माणूस. त्याने समजावलं की अहो, आधीची जात लिहिलीत तर पोरीला पुढे सवलती मिळतील, सगळे लिहितात. कुंडलिकरावांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा म्हणाले, "सोडली." गुरुजींनी त्या रकान्यात एक आडवी रेघ ओढली. चाळीतल्या धोंडिबाने आपल्या तिन्ही मुलांच्या नावापुढे 'हिंदू' आणि जुनी जात लिहिली होती. त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही, पोरं शिकायला हवी होती. पण कुंडलिकराव त्याच्याशी दोन वर्षं बोलत नव्हते, असा हा माणूस.

आई हौसाबाई. ती डबे बनवणाऱ्या एका कारखान्यात कामाला होती. कांता चौदा वर्षांची असताना तिथल्या पत्रा दाबणाऱ्या प्रेसने हौसाबाईच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं नेली. अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली. जखम भरली, कारखान्याने घरी बसवलं, आणि हौसाबाई दाराशी पदराखाली हात लपवून बसू लागली. शेजारणी डाळ-भात आणून द्यायच्या, हळहळायच्या. ती हळहळ हौसाबाईला बोटांपेक्षा जास्त लागली.

मग कुणीतरी मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात जायला सांगितलं. तिथे एका खोलीत एक तरुण थेरपिस्ट बाई होती. तिने तो हात हातात घेतला, उलटासुलटा केला आणि विचारलं, "मावशी, या हाताने पहिलं काय करायचंय तुम्हाला?" इतक्या महिन्यांत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. सगळ्यांनी काय झालं तेच विचारलं होतं. हौसाबाई म्हणाली, "भाकरी." "मग उद्या येताना ज्वारीचं पीठ आणा," बाई म्हणाली. दोन महिने माय-लेकी पिठाचा डबा घेऊन जात होत्या. पहिल्या भाकऱ्या कशाच्या, फाटके नकाशे. पण एक दिवस जमली. अंगठ्याने आणि तळव्याने फिरवलेली, गोल, पातळ, तव्यावर टम्म फुगलेली. हौसाबाई त्या खोलीत ओक्साबोक्शी रडली आणि कांताने तिथल्या तिथे ठरवलं की आपण हेच शिकायचं.

ठरवणं सोपं. शिकायचं कुठे आणि किती वर्षं, हा पुढचा प्रश्न. एकोणनव्वद साली कांता बारावी सायन्सला बसली त्या मार्चमध्ये पेपरात जाहिरात आली. केंद्र सरकारच्या अखत्यारीतल्या, मुंबईतल्या एका संस्थेने नवा जोडअभ्यासक्रम काढला होता. ऑक्युपेशनल थेरपीची पदवी आणि तिच्या वरची पदवी, दोन्ही एकत्र, साडेसहा वर्षांचं शिक्षण पाच वर्षांत. इतर कॉलेजांत आधी पदवी घ्या, मग पुन्हा अर्ज करा, पुन्हा रांग. ओव्हाळांच्या घराला तेवढी वर्षं परवडणारी नव्हती. जागा वीस. पंधरा खुल्या, तीन अनुसूचित जातींसाठी, दोन जमातींसाठी. बारावीचे मार्क तर हवेतच, शिवाय एखाद्या थेरपिस्टच्या हाताखाली एकशेवीस तास काम पाहिल्याचा सही-शिक्क्याचा तक्ता हवा, 'हा व्यवसाय का निवडता' यावर निबंध हवा, आणि शेवटी मुलाखत.

कांताने परीक्षा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी ठाणं गाठलं. तिथल्या एका हॉस्पिटलात गुप्ते मॅडम थेरपिस्ट होत्या. राहायला टेंभी नाक्याला, बोलणं शुद्ध, शिस्त कडक. त्यांनी पोरीला आधी आठवडाभर नुसतं कोपऱ्यात उभं केलं. दुसऱ्या आठवड्यात कांता एका म्हाताऱ्याला चप्पल घालायला मदत करायला धावली, तर मॅडम कडाडल्या, "हात मागे! त्यांची चप्पल आहे, त्यांना घालू दे." म्हातारबुवांना चप्पल घालायला अकरा मिनिटं लागली. कांता सांगते, आयुष्यात सगळ्यात अवघड काम तिने त्या अकरा मिनिटांत केलं, ते म्हणजे काही न करणं. मे संपला तेव्हा तक्त्यावर एकशेवीसच्या जागी दोनशे तास भरले होते आणि गुप्ते मॅडम तिच्यासाठी डब्यातून थालीपीठ आणत होत्या.

जूनमध्ये निकाल लागला. अठ्ठ्याहत्तर टक्के. शहाडच्या चाळीत पेढे वाटले गेले आणि दुसऱ्या दिवशी कांता अर्जाच्या खिडकीशी उभी राहिली. खिडकीमागच्या कारकुनाने कागद चाळले.

"कॅटेगरी?"

"बौद्ध."

"तो धर्म झाला. एससीत अर्ज करायचाय ना? मग धर्माच्या रकान्यात हिंदू लिहा."

"पण आम्ही हिंदू नाही आहोत."

"अहो ताई, केंद्राच्या यादीत हिंदू आणि शीख, दोघंच बसतात. बौद्ध झालात की सवलत गेली."

"महाराष्ट्रात तर मिळते."

"ही संस्था केंद्राची आहे."

"आणि उभी कुठे आहे?" कांताने विचारलं.

कारकून हसला. तो काही वाईट माणूस नव्हता. त्याने आवाज खाली आणून सांगितलं, "वडिलांचं प्रतिज्ञापत्र आणा, हिंदू म्हणून. त्यावर तहसीलदाराचा दाखला निघतो. सगळेच आणतात. तीन जागा आहेत आणि आतापर्यंत एकच अर्ज आलाय. तुमची जागा जवळजवळ पक्की. खुल्यातनं भराल तर दोनशे जण आहेत पुढे. एका शब्दाने काय बिघडतं?" शेवटची तारीख बारा दिवसांवर होती.

हा नियम पुढच्याच वर्षी बदलला, हे खरं. पण अर्जाची तारीख नियम बदलायची वाट बघत नसते.

कांताने हे घरी सांगितलं नाही. आधी ठाण्याला जाऊन गुप्ते मॅडमना सांगितलं. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे बघ, मी तुला आईसारखी सांगते. लिहून टाक. आधी आत जा. शिकलीस, पायावर उभी राहिलीस, की मग काय हवं ते लिही. स्वाभिमानाला तेव्हाही वेळ आहे."

"मॅडम, तुम्हाला कुणी सांगितलं असतं, गुप्ते खोडा आणि दुसरं काही लिहा, तर खोडलं असतंत?"

मॅडम रागावल्या. त्यांच्या नाकपुड्या लाल झाल्या. मग त्यांनी तक्ता ओढला, सही केली, शिक्का मारला, आणि कागद परत देताना म्हणाल्या, "तुझं बरोबर असेल. पण मला तू या कामात हवी आहेस, कांता. हातचं घालवू नकोस एवढंच." त्यांचे डोळे भरले होते. त्या बाईने इतकं सरळ बोलायला नको होतं, असं कांताला वाटलं, कारण भांडणाऱ्या माणसापुढे ती उभी राहू शकायची, माया करणाऱ्यापुढे तिचं काही चालायचं नाही.

घरी न सांगून काय होतं? धोंडिबाचा मोठा मुलगा त्या संस्थेच्याच बाजूला नोकरीला होता, त्याला कळलं, त्याने बापाला सांगितलं. धोंडिबाने कुंडलिकरावांना गाठून काय सांगितलं ते त्या दोघांनाच ठाऊक. पण चार दिवसांनी सकाळी कांता निबंधाची दुसरी प्रत उतरवत बसली होती, तेव्हा कुंडलिकराव आले आणि तिच्या वहीवर एक स्टँप पेपर ठेवला. कल्याण कोर्टाबाहेरच्या टायपिस्टने टाइप केलेला. 'मी, कुंडलिक सावळा ओव्हाळ, धर्म हिंदू...' खाली त्यांची सही. नेहमीची ठसठशीत सही नव्हती ती, लपूनछपून केल्यासारखी बारीक होती.

"घे," ते म्हणाले. "तहसीलचं मी बघतो."

"आबा, वाचलंत का हे?"

"तीनदा वाचलं."

"मग?"

"मग काय? माझं झालं जगून. आता तुझं बघायचंय." हे म्हणताना ते तिच्याकडे बघत नव्हते, खिडकीकडे बघत होते. ज्या माणसाने गुरुजीपुढे मान वाकवली नाही, धोंडिबाला दोन वर्षं दारात उभं केलं नाही, त्याला आपल्यापायी कोर्टाच्या दारात जाऊन हे लिहून द्यावं लागलं, हे कांताला बघवेना. तिला अर्जाचा राग आला, कारकुनाचा आला, स्वतःच्या अठ्ठ्याहत्तर टक्क्यांचासुद्धा आला.

पण बोलली ती हौसाबाई. ती मोरीपाशी भांडी घासत होती. हात पुसत आली, तो कागद उचलला. तिला वाचता येत नव्हतं.

"काय ल्हिवलंय?" तिने लेकीला विचारलं. कांताने सांगितलं.

आता इथे पंचवीस वर्षं मागं जायला हवं, कारण या घरात जी गोष्ट कुणी कधी बोललं नव्हतं ती हौसाबाई त्या सकाळी बोलली. तिचं लग्न झालं तेव्हा तिच्या आईने लुगड्याच्या गाठोड्यात देवीचे दोन टाक लपवून दिले होते. चांदीच्या पत्र्यावर ठोकलेले, बोटभर आकाराचे, आईच्या आईकडून आलेले. शहाडला आल्यावर कुंडलिकरावांना ते सापडले. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले की हे घरात राहणार असतील तर मी घरात राहणार नाही. आणि एकोणीस वर्षांची हौसा एकटी उल्हास नदीवर गेली, कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली आणि ते टाक सोडून आली. चाळीतल्या कितीतरी बायांनी असे टाक सोडले होते. कुणी हसत सोडले, कुणी रडत. हौसाबाई रडलीही नव्हती, हसलीही नव्हती. आली आणि पंचशील म्हणायला शिकली.

"अवो," ती कुंडलिकरावांना म्हणाली, आवाज अगदी शांत, "म्या माझ्या आईचे टाक नदीत सोडले ते तुमच्या एका शब्दावर. मला तवा कुनी इचारलं न्हाई, तुला काय वाटतं. आता तुमाला हिंदू ल्हिवायचंय ना? खुशाल ल्हिवा. पन आदी जा नदीवर आन माझे टाक आनून द्या."

कुंडलिकराव खाली बसले. जमिनीवर, भिंतीला टेकून. त्यांचं तोंड पार उतरलं. ते हौसाबाईकडे असे बघत होते, जणू ही बाई त्यांच्या घरात आजच आली आहे. "तू कधी बोलली नाहीस, हौसा," ते म्हणाले.

"तुमी इचारलं कधी?"

ते उठले, स्टँप पेपरची घडी घातली आणि कांताला म्हणाले, "खुल्याचा फॉर्म आण इकडं. पालकाची सही कुठं करायची?" ही सही त्यांनी केली ती रकान्याच्या बाहेर जाईल एवढी मोठी.

दोनशेसात अर्जांतून मुलाखतीला पन्नास जणांना बोलावलं. टेबलापलीकडे तिघं होते. एक पिकल्या केसांचे डॉक्टर, ते अध्यक्ष, एक नागपूरच्या थेरपिस्ट बाई, आणि दिल्लीहून आलेले एक अधिकारी. बाईंनी कांताचा निबंध समोर धरला. "तुम्ही लिहिलंय, 'मला लोकांची सेवा करायची नाही. मला त्यांची कामं त्यांना परत द्यायची आहेत.' हे जरा उद्धट नाही वाटत?"

"वाटत असेल, मॅडम. पण माझ्या आईची सेवा करायला सगळी चाळ तयार होती. त्याने ती आजारी पडली. भाकरी थापायला लागल्यावर बरी झाली."

डॉक्टरांनी विचारलं, "एक मनुष्य आहे. पन्नाशीचा. अर्धांगवायू झाला, उजव्या हाताची पकड गेली. त्याला पहिला व्यायाम कोणता द्याल?"

"पहिल्यांदा विचारीन, हात चालला तर काय करायचंय."

"समजा तो म्हणाला, मला बिडी ओढायची आहे."

दिल्लीचे अधिकारी हसले. कांता हसली नाही. "मग बिडीच, सर. बंडलातून एक बिडी काढणं म्हणजे चिमटीचं काम. काडेपेटी एका हातात धरून दुसऱ्याने काडी ओढायची म्हणजे दोन्ही हातांचा मेळ. मग ती तोंडापर्यंत न्यायची, त्यात कोपर आणि खांदा आला. रबराचा चेंडू दाबायला दिला तर दोन दिवसांत कंटाळेल. बिडीसाठी महिनाभर झटेल."

"आणि बिडीने फुप्फुसं जातील त्याचं काय?"

"ते तुम्ही सांगा ना, डॉक्टर तुम्ही आहात. मी हात चालवणार."

नागपूरच्या बाईंनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. डॉक्टरांनी अर्ज पुन्हा उलटला. "एक विचारू? तुम्ही राखीव जागेसाठी अर्ज केला असता तर आत्तापर्यंत निश्चिंत असता. खुल्यात तुमच्या वर नव्वद टक्केवाले आहेत. का नाही केलात?"

"त्यासाठी खोटं लिहायला लागत होतं."

"एकच शब्द."

"सर, तो एक शब्द सोडायला माझ्या घरातल्या दोन माणसांना काय काय सोडावं लागलं ते मला परवाच कळलं. मला जागा नाही मिळाली तर पुढच्या वर्षी परत येईन. त्याच्या पुढच्या वर्षीही येईन. पण तो शब्द लिहून नाही येणार." बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण उभं राहून बोलतोय. ती बसली. डॉक्टरांनी अर्ज मिटला, तेव्हा ती उठून बाहेर आली.

जुलैच्या शेवटी यादी लागली. कुंडलिकराव रजा टाकून बरोबर आले होते. फळ्याभोवती पालकांची दाटी. कांताने खालून वर वाचायला सुरुवात केली, म्हणजे नाव नसेल तर लवकर कळेल. पंधरा, चौदा. तेराव्या क्रमांकावर 'ओव्हाळ कांता कुंडलिक'. तिने पुन्हा वाचलं. शेजारच्या यादीत अनुसूचित जातींच्या तीन जागा होत्या. एका पुढे नाव होतं. दोन पुढे 'रिक्त' असं टाइप केलेलं. त्या दोन शब्दांकडे बघताना तिला आनंदाच्या मध्येच असा संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तिच्यासारखी किती पोरं त्या खिडकीवरून परत गेली असतील, कोण जाणे.

मागे एक बाई नवऱ्याला सांगत होत्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. त्यांची मुलगी प्रतीक्षायादीत पहिली होती, बिचारी पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी होती. "आडनाव वाचलंत का तेरा नंबरचं? यांना वेगळ्या जागा आहेतच की. त्या रिकाम्या पडल्यात बघा. तरी आमच्यातल्याच घ्यायच्या."

कुंडलिकरावांच्या कानशिलाची शीर उडायला लागली. ते पुढे झाले. कांताने त्यांच्या दंडाला धरून त्यांना मागे केलं आणि ती स्वतः त्या बाईंकडे वळली.

"काकू, तेरा नंबर मी. यादीच्या वर काय लिहिलंय ते वाचा."

बाई गोंधळल्या. "खुल्या जागा."

"हां. खुल्या. तुमच्या असत्या तर तसं लिहिलं असतं."

त्या मुलीने मान वर केली. कांता तिला म्हणाली, "तू जाऊ नकोस गं. वरचे एकदोघं मेडिकलला जातील, तुझं नाव लागेल. रोज येऊन बघ." मग ती वडिलांकडे वळली.

"चला आबा, फीची खिडकी दीडला बंद होते."

कुंडलिकराव हलेनात. ते त्या फळ्यासमोर ताठ उभे होते, आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते, "तेरा नंबर. माझी मुलगी आहे."